प्रूडन्स क्रँडल

आपल्या वर्गात कोणाला बसू द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार शिक्षकाला असतो काय? या एका प्रश्नासाठी अमेरिकेतील एका शिक्षिकेला आरोपी म्हणून न्यायालयात उभे राहावे लागले. प्रूडन्स क्रँडल हे त्यांचे नाव.

क्रँडलबाईंचा जन्म ३ सप्टेंबर १८०३ रोजी ऱ्होड आयलंड राज्यातील एका क्वेकरपंथी कुटुंबात झाला. १८३१ साली कनेक्टिकट राज्यातील कँटरबरी येथे, गावकऱ्यांच्याच विनंतीवरून, त्यांनी मुलींची निवासी शाळा काढली. थोड्याच दिवसांत शाळेचा लौकिक वाढला. पुढील वर्षी सेरा हॅरिस नावाची एक कृष्णवर्णी शेतकरीकन्या त्यांच्याकडे आली. शिकून शिक्षिका व्हावे आणि आपल्या समाजातील मुलांना शिकवावे, हा तिचा मानस होता. बाईंनी तिला वर्गात घेतले. गोऱ्या पालकांनी तिला काढून टाकण्याचा हट्ट धरला. बाई बधल्या नाहीत, तेव्हा पालकांनी आपल्याच मुली काढून नेल्या.

मग बाईंनी मार्च १८३३ मध्ये 'लिबरेटर' या गुलामगिरीविरोधी पत्रात उघड जाहिरात देऊन, एप्रिलपासून कृष्णवर्णी मुलींसाठी शाळा सुरू केली. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा दूरच्या शहरांतून मुली आल्या. गाव खवळले. दुकानदारांनी जिन्नस देणे बंद केले. शाळेच्या विहिरीत घाण टाकण्यात आली. मे महिन्यात राज्याने कायदाच केला : गावाच्या संमतीवाचून परराज्यातील कृष्णवर्णीयांना शिकविणे हा गुन्हा! जूनमध्ये बाईंना अटक झाली व एक रात्र त्यांनी तुरुंगात काढली. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात, कृष्णवर्णीय हे नागरिकच नव्हेत, असे न्यायाधीश डॅगेट यांनी ज्यूरीला सांगितले आणि बाई दोषी ठरल्या. जुलै १८३४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला, परंतु केवळ तांत्रिक कारणावरून. मूळ प्रश्न तसाच राहिला.

९ सप्टेंबर १८३४ च्या रात्री जमावाने शाळेच्या खिडक्या फोडल्या. मुलींच्या जिवाला अपाय होईल, या भीतीने बाईंनी जड अंतःकरणाने शाळा बंद केली.

१८३८ साली तो कायदा रद्द झाला. १८८६ साली त्याच राज्याने वृद्ध क्रँडलबाईंना सालीना ४०० डॉलरांचे निवृत्तिवेतन दिले. त्यासाठीच्या अर्जावर कँटरबरीच्या अनेक रहिवाशांच्याही सह्या होत्या. जानेवारी १८९० मध्ये कॅन्सस राज्यात बाईंचे निधन झाले.

त्यांची शाळा दीड वर्षही चालली नाही. पण सेरा हॅरिसने पुढे आपल्या मुलीचे नाव प्रूडन्स ठेवले. शिक्षकाला याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?