विश्लेषण : ‘मी तुझ्या हुकमात राहीन’ असा करार कोर्टात टिकतो का? १४० वर्षांपूर्वी रखमाबाईंवर काय बेतलं होतं?

दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने लिहून ठेवलं, की नात्यात एकाने हुकूम द्यायचा आणि दुसऱ्याने तो पाळायचा. असे करारनामे आता इथेही ऐकू येतात. स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या, तर उद्या कोर्ट ते पाळायला लावेल का? उत्तर ‘नाही’ असं आहे. पण एका बाईने देह आणि संसार नवऱ्याच्या ताब्यात द्यावा, असा हुकूम मुंबई हायकोर्टाने एकदा खरोखर दिला होता. तोही तिची संमती कधीच नसताना.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लावलं गेलं. मुंबईपासून पाबळसारख्या गावापर्यंत तेव्हा हीच रीत होती, मुलीला कोण विचारतो! रखमाबाई मात्र माहेरीच राहिल्या, सावत्र वडिलांच्या पाठबळावर वाचत-शिकत गेल्या. दादाजींचं शिक्षण रेंगाळलं, कर्ज वाढलं. वडिलांकडून आलेली मालमत्ता रखमाबाईंच्या नावे होती, हेही विसरू नये.

१८८४ मध्ये दादाजींनी वकिलाची नोटीस पाठवली : बायको नांदायला पाठवा. रखमाबाई गेल्या नाहीत.

कोर्टात काय झालं?

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. एकत्र राहून वेगळे झालेल्या जोडप्यांसाठीचा हा इंग्रजी उपाय, जे कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांना कसा लावायचा, हा त्यांचा मुद्दा होता. अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी हा निकाल फिरवून खटला परत पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली.

महाराष्ट्र दुभंगला. टिळकांनी दादाजींची बाजू उचलून धरली, तर बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या मागे उभे राहिले. त्या स्वतः ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या टोपणनावाने इंग्रजी वृत्तपत्रात बालविवाहावर लिहीत होत्या. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडली. म्हणजे सुटका न्यायाने झाली नाही, पैशाने झाली.

पुढे इंग्लंडला जाऊन १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परतल्यावर सुरतेत आणि नंतर राजकोटात त्यांनी अनेक वर्षं बायकांवर उपचार केले.

मग आजच्या कराराचं काय?

१८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध हेतूचा करार रद्दबातल ठरवतं. विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम १४ सांगतं, की ज्यावर कोर्टाला सतत देखरेख ठेवावी लागेल, किंवा जी माणसाच्या व्यक्तिगत गुणांवर अवलंबून आहेत, अशी कामं कोर्ट हुकमाने करून घेत नाही. गायकाला गायला लावता येत नाही, तिथे आज्ञा पाळायला कोण लावणार?

फौजदारी बाजू याहून कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ नुसार अठरा वर्षांवरील व्यक्तीची संमती काही इजांपुरती बचाव ठरते. मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवायचा हेतू असेल, किंवा ती होण्याचा संभव करणाऱ्याला ठाऊक असेल, तर हा बचाव मिळत नाही. शिवाय काल दिलेला होकार आज मागे घेता येतो. कागद तो बांधून ठेवत नाही. सह्या केलेला कागद फार तर तेव्हा काय ठरलं होतं याचा पुरावा.

लग्नाचं मात्र तसं नाही. नांदायला न येणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये गेली, दावा उरला. आंध्र प्रदेश हायकोर्टाने १९८३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, तर पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने वैध. हुकूम मोडल्यास आजही मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

हा दावा ज्या कलम ९ खाली चालतो, तो हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला. रखमाबाई त्याच वर्षी, २५ सप्टेंबरला गेल्या.