जॉर्ज म्युलर यांची पहिली वीस वर्षे

ब्रिस्टल येथील अनाथांचे पालक जॉर्ज म्युलर यांचे नाव आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंसही त्यांच्या चरित्रापासून धैर्य मिळाले. परंतु या पुरुषाचे बालपण व तारुण्य चोरीत गेले, हे पुष्कळांस माहीत नसते. तीच हकीकत आज आम्ही सांगतो.

1805 साली प्रशियातील क्रोपनश्टेट गावी त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी कर वसूल करीत. मुलांनी साठवावा म्हणून ते त्यांच्या हाती पुष्कळ पैसा देत. जॉर्ज तो उडवी व खोटा हिशेब दाखवी. दहा वर्षांचा होण्यापूर्वीच तो सरकारी रकमेस हात लावू लागला. एकदा वडिलांनी पैसे मोजून मुद्दाम ठेवले. ते त्याच्या जोड्यात, पायाखाली सापडले. मार बसला, पण त्यातून तो एवढेच शिकला की पुढे अधिक चतुराईने करावे.

चौदाव्या वर्षी आई वारली, त्या रात्री तो पत्ते खेळत होता. सोळाव्या वर्षी खाणावळीचे पैसे बुडविल्यामुळे 18 डिसेंबर 1821 पासून 12 जानेवारी 1822 पर्यंत तो व्होल्फनब्युटेलच्या तुरुंगात होता. तेथे भेटलेल्या एका चोरास तो न केलेल्या अपराधांच्याही बढाया सांगे.

यानंतरचा काळ आम्हास तुरुंगापेक्षा भयंकर वाटतो. नॉर्डहाउझेनच्या शाळेत तो पहाटे चारला उठून अभ्यास करी. गुरुजी इतरांपुढे त्याचा कित्ता ठेवीत. आतून कर्ज वाढत होते. एकदा घरून आलेले पैसे त्याने सर्वांस दाखविले, ते खर्चून टाकले, मग आपल्याच पेटीचे कुलूप मोडून चोरी झाली म्हणून धावत सुटला. मित्रांनी दयेने तेवढी रक्कम जमवून दिली! मात्र आजारपणात जिने आईप्रमाणे त्याची शुश्रूषा केली होती, त्या गुरुपत्नीसमोर त्यास पुढे कधी मोकळे वाटले नाही. (वसतिगृहातील दांडग्या मुलांवरच नजर ठेवणाऱ्या बंधूंनी हे ध्यानात घ्यावे.)

1825 साली तो पाळक होण्यासाठी हाले येथे शिकत होता, तेव्हाही स्वित्झर्लंडच्या प्रवासात सोबत्यांची थैली सांभाळताना त्याने त्यांस फसविले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एक मित्र त्यास शनिवारच्या प्रार्थनासभेस घेऊन गेला. गुडघे टेकून प्रार्थना करणारा मनुष्य त्याने तेथे प्रथमच पाहिला. सर्व दोष एका दिवसात गेले नाहीत. वाईट संगत व गुत्ता सुटला, पण खोटे बोलणे अधूनमधून तोंडी येई.

पुढे 1836 मध्ये म्युलर यांनी ब्रिस्टल येथे पहिले अनाथगृह उघडले. 1870 पर्यंत पाच मोठ्या इमारतींत दोन हजारांवर मुलांची सोय झाली. 1898 साली ते वारले. दरवर्षी ते जमाखर्च छापून प्रसिद्ध करीत, आणि त्यात गरिबांनी पाठविलेल्या लहानशा नाण्यांचीही नोंद असे.