कै. दादासाहेब फाळके

गणेशोत्सव जवळ आला की आमच्या रत्नागिरीत घरोघरी मुलांची धांदल उडते. गणपतीपुढील देखाव्यासाठी पुठ्ठ्याचे डोंगर, हिरव्या रंगात भिजविलेल्या भुशाचे गवत, आरशाच्या तुकड्याचे तळे अशी सामग्री जमू लागते. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पुरा झाल्यापासून त्या डोंगरांतून बोगदा काढून खेळण्यातील आगगाडी नेण्याचीही हौस कित्येकांना असते. गाडी बाजारात विकत मिळते. परंतु स्टेशनावरील पाटी, फलाटाची कड, कौलांवरचे शेवाळ हे ज्याचे त्यानेच बारीक कुंचल्याने रंगवावे लागते. हा रिकामपणचा उद्योग आहे असे ज्या पालकांस वाटत असेल, त्यांच्यापुढे व विद्यार्थ्यांपुढे आम्ही आज एका कलावंताचे चरित्र ठेवीत आहोत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली, तेव्हा कुटुंब मुंबईस आले. शास्त्रीबुवांच्या घरातील मुलाने पोथी हाती धरावी, ही त्या काळची रीत. परंतु या मुलाचा हात कुंचल्याकडेच वळे. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला व पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण आणि नमुने घडविण्याची विद्या शिकला. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने आदर्श नाट्यगृहाची एक लहानशी प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. तेव्हा त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे जे महान कार्य त्याच्या हातून व्हावयाचे होते, त्याचे बीज आम्हांस त्या इवल्याशा रंगमंचातच दिसते.

पदकाने पोट मात्र भरले नाही. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा सुरू केला, तोच १९०० साली प्लेगने पत्नी व मूल दोघांनाही हिरावून नेले. त्यानंतर फाळक्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले, जादूचे खेळ शिकून केले, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, छापखानाही काढला. या भटकंतीत वर्षे वाया गेली, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. पडदा रंगविणाऱ्यास दूरचा डोंगर फिकट निळसर व जवळचे पान ठसठशीत काढावे लागते, तेव्हाच सपाट कापडावर कोसभर अंतर उभे राहते. जादूगारास पाहणाऱ्याची नजर कोठे खिळवावी, हे कळावे लागते. ही दोन्ही ज्ञाने त्यांच्या पुढे उपयोगी पडली.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. तो पाहता पाहता आपल्या पुराणांतील राम व कृष्णही असेच पडद्यावर वावरावेत, हा ध्यास त्यांना लागला. मिळतील ते चित्रपट पाहावेत आणि रात्री जागून अभ्यास करावा, असा क्रम चालला. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली, आणि विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले.

तेथे त्यांनी कॅमेरा विकत घेतला. पण भांडवल कोण देणार? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि सुमारे महिनाभर ठराविक वेळाने त्याचे एकेक चित्र घेतले. पडद्यावर ते अंकुर मिनिटभरात तरारून वाढलेले दिसले, तेव्हा सावकाराचा विश्वास बसला. द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केलाच. शिवाय रात्री अंधारात फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे किचकट कामही केले. आम्ही फाळक्यांचे नाव घेतो, तेव्हा या माउलीस विसरणे हा कृतघ्नपणा होईल.

दादरच्या बंगल्यात राजवाडा उभा राहिला. त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटे व निळा पांढुरका होई. म्हणून डोळ्यांस सुंदर दिसणारा रंग कॅमेऱ्यास कसा दिसेल, हा हिशेब देखावा रंगविणाऱ्यास मनात करावा लागे. स्त्रीपात्रास कोणी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया घातला गेला. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालियामर्दन’ (१९१९) यांनी लोकांस वेड लावले. कालियामर्दनात कृष्णाचे काम त्यांची कन्या मंदाकिनी हिने केले.

परंतु भाग्य स्थिर राहिले नाही. भागीदारांना हिशेब हवा होता, फाळक्यांना बारकावा, दोघांचे पटेना. बोलपटाच्या युगात त्यांनी ‘गंगावतरण’ (१९३७) हा एकच बोलपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा लक्ष्मी त्यांच्या दारी नव्हती. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. तो पाहावयास ते उरले नव्हते.

बारकाव्याच्या छंदाची किंमत फाळक्यांनी भरली, आणि ती त्यांच्या घरानेही भरली, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. तरीही विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की, पुढील गणेशोत्सवात पुठ्ठ्याच्या स्टेशनावर पाटी रंगवाल, तेव्हा ती घाईने उरकू नका. आणि पालकहो, मुलगा त्या पाटीवर तास घालवीत बसला, तर त्याला हाक मारण्यापूर्वी अहमदाबादच्या प्रदर्शनातील त्या छोट्या नाट्यगृहाची एकवार आठवण करावी.