एडविन जॉन बटलर

सर एडविन जॉन बटलर (१३ ऑगस्ट १८७४ – ४ एप्रिल १९४३) हे आयरिश कवकशास्त्रज्ञ व वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. भारतातील पिकांच्या रोगांचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्यांनी सुरू केला. म्हणून त्यांना भारतीय वनस्पतिरोगविज्ञानाचे जनक मानले जाते.

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील किल्की या गावी त्यांचा जन्म झाला. कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजातून त्यांनी १८९८ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. परंतु माणसांच्या रोगांपेक्षा पाण्यात व मातीत वाढणाऱ्या सूक्ष्म कवकांकडे त्यांचा ओढा अधिक होता. १९०१ मध्ये भारत सरकारचे अपुष्प वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ते कलकत्त्यास आले. १९०५ पासून बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत ते शाही कवकशास्त्रज्ञ होते.

तुरीच्या मर रोगावरील संशोधन ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कामगिरी म्हणावी लागेल. तापीकाठच्या प्रकाशा-शहाद्यापासून विदर्भापर्यंतच्या शेतकऱ्यांना हा रोग चांगलाच परिचित आहे. जमिनीत ओल असतानाही ऐन फुलोऱ्यातील झाड सुकू लागते. खोडाची साल काढल्यास आत काळपट पट्टे दिसतात. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी कापूस, कलिंगड व चवळी यांच्या अशाच मरीचा संबंध निओकॉस्मोस्पोरा या कवकाशी जोडला होता. मेलेल्या झाडांच्या मुळांवर ते आढळत असल्याने त्यालाच दोषी मानणे सोपे होते. बटलर यांनी मात्र निरोगी रोपांवर दोन्ही कवकांचे रोपण करून पाहिले. निओकॉस्मोस्पोराने रोपांना काहीही अपाय झाला नाही, फ्युजेरियमने ती मेली. पहिले कवक केवळ मृत भागावर जगणारे आहे, खरा रोगकारक फ्युजेरियमच, हे १९१० च्या प्रबंधात सिद्ध करून त्यांनी त्याला फ्युजेरियम उडम हे नाव दिले.

हे कवक मातीत राहते, बारीक मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांत वाढते. त्याला अडविण्यासाठी झाडही वाहिन्यांत डिंकासारखे पदार्थ व फुगवटे निर्माण करते. रोपाने वेळीच बांध घातला तर ते तगते. उशीर झाला तर त्याच बांधाने पाणी तुटते. शत्रू मातीतच वर्षानुवर्षे टिकून राहत असल्याने फवारणीचा येथे फारसा उपयोग नाही. पुढे रोगप्रतिकारक वाणांची निवड व पिकांची फेरपालट यांवर भर दिला गेला, तो यामुळेच.

बाजरीचा गोसावी रोग (कणसाऐवजी पानांचा झुपका, म्हणून हे समर्पक नाव), उसाची लाल कूज आणि गव्हाचा तांबेरा यांवरही बटलर यांनी लिहिले. बंगालमधील भाताच्या उफ्रा रोगाच्या मुळाशी मात्र त्यांना कवक नव्हे, तर सूत्रकृमी आढळला. पुण्याचे जी. एस. कुलकर्णी यांच्यासह त्यांनी अळूच्या करप्यावरील प्रबंध १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काणीवर व केवड्यावर कुलकर्णी यांनी स्वतंत्र काम केले. ज्या काळात देशी सहायकांचे नाव सहसा मुखपृष्ठावर येत नसे, त्या काळात हे सहलेखन उल्लेखनीय ठरते.

तांबेऱ्याचे कोडे बटलर यांना पूर्ण सुटले नाही. उन्हाळ्यात मैदानात गहू नसतो, मग दरवर्षी रोग येतो कोठून? डोंगराळ भागात उन्हाळ्यातही जगणाऱ्या बीजुकांपासून तो खाली येतो, हे पुढे आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी दाखविले.

१९१८ मध्ये बटलर यांचा 'फंगाय अँड डिसीज इन प्लँट्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतीय पिकांची उदाहरणे घेऊन लिहिलेला असल्याने तो अनेक वर्षे विद्यार्थ्यांचा आधार होता. १९२० मध्ये ते क्यू येथील कवकशास्त्र केंद्राचे संचालक झाले. १९२६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व व १९३९ मध्ये 'सर' हा किताब त्यांना मिळाला. त्यांनी सुरू केलेला वनस्पतिरोग-पाठ्यग्रंथ एस. जी. जोन्स यांनी पूर्ण केला व तो मृत्यूनंतर, १९४९ मध्ये निघाला. पुसा येथे त्यांनी उभारलेला कवकसंग्रह भूकंपानंतर संस्थेबरोबर दिल्लीस हलविण्यात आला आणि भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत तो आजही अभ्यासकांच्या वापरात आहे.