विश्लेषण : सलाइन किती वेगाने जाणार, हे कशावर ठरते?

अपघातात खूप रक्त गेलेला रुग्ण आला, की डॉक्टर त्याच्या शिरेत आखूड आणि रुंद कॅन्युला घालतात. या निवडीचा आधार ज्याँ लिओनार मारी प्वाझय या फ्रेंच डॉक्टरच्या मोजमापांत आहे.

कोण होते प्वाझय?

त्यांचा जन्म २२ एप्रिल १७९७ रोजी पॅरिसमध्ये झाला. १८१५ मध्ये त्यांनी ‘एकोल पॉलितेक्निक’मध्ये प्रवेश घेतला, पण पुढच्याच वर्षी सरकारने विद्यार्थ्यांना घरी पाठवून संस्था बंद केली. प्वाझय वैद्यकशास्त्राकडे वळले. मोजमापाची शिस्त मात्र सुटली नाही. १८२८ च्या प्रबंधासाठी त्यांनी पारा भरलेल्या ‘यू’ आकाराच्या नळीने प्राण्यांच्या धमन्यांतील रक्तदाब मोजला.

त्यांनी काय शोधले?

केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. जिवंत शरीरात हे मोजणे अवघड. म्हणून त्यांनी काचेच्या अतिशय बारीक नळ्यांतून पाणी सोडले. दाब, लांबी, व्यास आणि तापमान एकेक करून बदलत, ठरावीक पाणी वाहून जायला लागणारा वेळ नोंदवला. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट, लांबी दुप्पट केली की निम्मा. व्यास दुप्पट केला की मात्र तब्बल सोळापट! हे निष्कर्ष १८४०-४१ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मन अभियंता गॉटहिल्फ हागेन यांनीही १८३९ मध्ये स्वतंत्रपणे असेच प्रयोग मांडले होते. म्हणून हा ‘हागेन-प्वाझय नियम’.

पुढे काय झाले?

१८४२ मध्ये प्वाझय फ्रान्सच्या वैद्यक अकादमीचे सदस्य झाले. उतारवयात त्यांनी प्राथमिक शाळांचे निरीक्षक म्हणून काम केले. २६ डिसेंबर १८६९ रोजी त्यांचे निधन झाले. द्रवाच्या चिकटपणाचे ‘पॉइज’ हे एकक त्यांच्याच नावावरून आले.

कॅन्युलाशी संबंध काय?

हा नियम संथ प्रवाहाला लागू पडतो. रुंद कॅन्युलात प्रवाह खळबळतो, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ सोळापटीपेक्षा कमी भरते. म्हणूनच उत्पादक केवळ सूत्रावर विसंबत नाहीत. ठरावीक उंचीवरून पाणी सोडून, ठरावीक वेळात किती जमले ते मोजतात आणि पाकिटावर मिनिटाला किती मिलिलिटर ते छापतात. रक्त पाण्यापेक्षा चिकट असल्याने ते त्याहून हळू जाते. बाटली उंच टांगल्याने वेग थोडा वाढतो; पण जीव वाचवण्याची घाई असते, तेव्हा मोठा फरक पडतो तो नळीच्या रुंदीनेच.