सरकारी नोकरी सोडली, कॅमेरा धरला!

समजा, तुमचं इंजिनीअरिंग झालंय. सरकारी खात्यात पर्मनंट नोकरी आहे, पगार वेळेवर होतो, घरचे खूश आहेत. आणि एक दिवस तुम्ही घरी सांगता, नोकरी सोडतोय, फोटो काढणार आहे. अमरावती असो की अकोला, त्या संध्याकाळी घरात काय होईल ते तुम्हाला चांगलंच माहीत आहे.

आता हाच निर्णय साधारण एकशे चाळीस वर्षांपूर्वी घ्यायचा होता असं धरा. तेव्हा फोटोग्राफी म्हणजे साहेब लोकांचा आणि राजेरजवाड्यांचा महागडा नाद. तरी एका ड्राफ्ट्समनने तो घेतला. त्याचं नाव लाला दीनदयाळ. जग त्याला पुढे राजा दीनदयाळ म्हणून ओळखू लागलं.

इंदूरचा ड्राफ्ट्समन

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना गावात, सराफाच्या घरात झाला. शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात. आज तिथे आयआयटी आहे, म्हणजे कॉलेज तेव्हाही भारीच होतं. १८६६ मध्ये ते इंदूरला बांधकाम खात्यात हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. दिवसभर नकाशे, मोजमापं आणि खर्चाचे अंदाज.

कॅमेरा हातात आला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या तिशीत. सुरुवातीला तो फक्त छंद होता. पण ड्रॉइंग बोर्डावर काम केलेल्या माणसाची नजर वेगळी असते. रेषा सरळ हवी, इमारत तोल सांभाळून उभी दिसायला हवी, हे त्यांना वेगळं शिकावं लागलं नाही.

इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी. महाराजा तुकोजीराव दुसरे यांनी या तरुणाला हात दिला आणि सर हेन्री डेली यांच्याशी ओळख करून दिली. डेली मध्य भारतातले गव्हर्नर जनरलचे एजंट होते आणि मुळात घोडदळाचा माणूस. त्यांनी उभी केलेली पलटण पुढे ‘डेलीज हॉर्स’ नावाने ओळखली गेली. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आला, तेव्हा त्या दौऱ्याचे फोटो काढायचं काम दीनदयाळ यांना मिळालं. नोकरी अजून सुरूच होती, बरं का!

नंतर एजंट म्हणून आलेले सर लेपेल ग्रिफिन त्यांना बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर घेऊन गेले. तिथल्या किल्ल्या-मंदिरांचे फोटो पुढे मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरच्या पुस्तकात आले. मग दीनदयाळ यांनी आधी दोन वर्षांची लांब रजा घेतली. त्या रजेत काम वाढवलं, ओळखी पक्क्या केल्या आणि त्यानंतरच नोकरी सोडली. रागाच्या भरात राजीनामा फेकण्याचा हा प्रकार नव्हता, हे एमपीएससीच्या पुस्तकाआड कॅमेऱ्याची स्वप्नं बघणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं.

घोडा काही थांबत नाही

दीनदयाळ यांच्या गिऱ्हाइकांच्या आयुष्यात घोडा सगळीकडे होता. लष्करी कवायती, घोडदळाच्या रांगा, बग्ग्या, मिरवणुका, शिकारीच्या मोहिमा. या सगळ्याचे फोटो त्यांनी काढले. ते किती कठीण होतं हे समजायला थोडं गणित करू.

भरधाव घोडा ताशी पन्नास किलोमीटरने पळतो असं धरा. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. शटर एक सेकंद उघडं राहिलं तर फोटोत घोडा दिसणारच नाही, नुसता धुरकट पट्टा दिसेल. एक हजारांश सेकंद ठेवलं तर घोडा तेवढ्या वेळात दीड सेंटिमीटरच सरकतो, आणि फोटो स्पष्ट येतो. आज तुम्ही मोबाइलवर बोट फिरवून हे करता. दीनदयाळ यांनी सुरुवात केली तेव्हा ओल्या काचेचा जमाना होता. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूतल्या अंधारात डेव्हलप करायची. एक्स्पोजर अनेकदा काही सेकंदांचं. माणसाला हलू नको म्हणता येतं. घोड्याला कोण सांगणार? त्याने शेपूट झटकली, कान हलवला की तेवढा भाग पुसट.

१८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजने पळणाऱ्या घोड्यासाठी एका रांगेत बारा कॅमेरे लावले आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात हे दाखवून दिलं. तोपर्यंत मोठमोठे चित्रकारही पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला घोडा रंगवत होते. खरं तर पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. १८८० च्या आसपास तयार कोरड्या काचा बाजारात आल्या, तंबूची कटकट संपली आणि शटर वेगवान झालं. दीनदयाळ यांनी पूर्णवेळ धंदा उभा केला तो नेमका याच काळात. तंत्र बदलतंय हे ओळखून उडी मारणं म्हणतात ते हेच.

वऱ्हाडाशी नातं

१८८० च्या दशकात त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ थाटला. ते व्हाइसरॉयचे फोटोग्राफर झाले आणि सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबाराचेही. ‘राजा’ हा किताब निजामानेच दिला. वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे आपल्या मराठी मुलखाचेही त्यांनी काढलेले फोटो आहेत.

आता इथे जरा थांबा. आपला वऱ्हाड कागदोपत्री याच निजामाचा होता. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे होता, मालकी मात्र हैदराबादची. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला आले, निजामाशी बोलणी झाली आणि वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. मेलेल्या वाघाशेजारी उभे असलेले लॉर्ड आणि लेडी कर्झन, हा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. तो १९०२ च्या एप्रिलमधला, त्याच दौऱ्यातला, दीनदयाळ यांच्या स्टुडिओचा. अमरावती-अकोल्याचं भवितव्य ठरत होतं तेव्हाचा हा पाहुणचार आहे, हे माहीत असलं की फोटो वेगळाच दिसतो.

धंदा कसा केला?

एकाच प्रकारच्या कामावर ते अवलंबून राहिले नाहीत. दरबार, लष्कर, वास्तू, पोर्ट्रेट, सगळं घेतलं. १८९२ मध्ये हैदराबादला पडद्यातल्या स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. ज्या गिऱ्हाइकापर्यंत कुणी पोहोचत नव्हतं, तिथे ते पोहोचले. १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. राणी व्हिक्टोरियाची सनदही मिळाली. आणि निगेटिव्हवर क्रमांक घालून ती जपून ठेवली, म्हणजे एकदा काढलेला फोटो पुन्हा पुन्हा विकता यायचा.

१९०५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. मुलगा ज्ञानचंद यांनी काम पुढे चालवलं, पण जुनं वैभव राहिलं नाही. स्वस्त कोडॅक कॅमेरे घराघरांत शिरत होते आणि राजाश्रयाचे दिवस सरत चालले होते. मोठं गिऱ्हाईक हा आधार असतो तसा धोकाही असतो. त्या जपलेल्या निगेटिव्ह मात्र टिकल्या. त्यातल्या २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आता तुमची पाळी

घोड्यांच्या फोटोंना आजही गिऱ्हाईक आहे. पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवर, दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आणि गल्लीतल्या वरातीतही. विकायला काढलेल्या घोड्याच्या मालकाला आडवा, चारही पाय वेगळे दिसतील असा फोटो लागतो. स्वाराला उडीचा नेमका क्षण हवा असतो. दोघांनाही घोड्याचे कान पुढे हवेत, कारण कान मागे पाडलेला घोडा चिडलेला दिसतो, आणि बहुतेक वेळा तो चिडलेलाच असतो. मागून जवळ जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, आधी मालकाला विचारायचं.

पुढच्या लग्नात नवरदेवाची घोडी दिसली की नवरदेव थोडा वेळ बाजूला राहू द्या. शटर एक हजारांशावर ठेवा, कानांकडे बघा, एका दिवसात पन्नास फोटो काढा आणि रात्री त्यातले दोन निवडा. त्यांना क्रमांक द्या, तारीख टाका, जपून ठेवा. नोकरी सोडायचा विषय घरात नंतर काढता येईल. दीनदयाळ यांनीही आधी रजाच घेतली होती.