ताराबाई मोडक : सहकार्याचा एक धडा

सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या वालीव नाक्यावर उभे राहिले, की डबा घेऊन गाळ्यांकडे निघालेल्या बायांची रांग दिसते. माझी आई त्यांतलीच एक. ती चौथीपर्यंत शिकली, वडील सातवीपर्यंत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बारावीच्या परीक्षेनंतर फीचे पैसे जमावेत म्हणून मीही एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला लागले होते.

तेथे मला दोन प्रकारची माणसे भेटली. हिशेब पाहणारे एक काका होते. चलन कसे भरायचे, मालाची नोंद वहीत कशी करायची, हे त्यांनी मला शिकवले, तेही सर्वांसमोर, मोकळ्या टेबलावर. दुसरे सुपरवायझर. ते आम्हा मुलींना बेटा म्हणत आणि माल मोजायच्या निमित्ताने एकेकटीला मागच्या खोलीत बोलावीत. मग खांद्यावर हात पडे. दोनदा मी गप्प बसले. तिसऱ्यांदा बोलावणे आले तेव्हा गेले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावरही गेले नाही. पंधरा दिवसांचा पगार बुडाला. पुरुषांत काम केले की असेच व्हायचे, असे वडिलांचे मत पडले. मला ते पटले नाही, कारण काकाही पुरुषच होते. पण वडिलांना काय उत्तर द्यावे, तेही सुचले नाही.

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सहलीत आम्ही डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेलो. मी लहानपणी ज्या अंगणवाडीत बसले, त्या कल्पनेची मुळे या टेकडीवर आहेत, असे सरांनी सांगितले. परत आल्यावर ताराबाई मोडक यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. माझ्या अडलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या चरित्रात सापडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. आई उमाबाई यांचा हा पुनर्विवाह होता. अशा सुधारकी घरात वाढलेल्या ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया किती थोड्या असतील, याची आपण कल्पनाच केलेली बरी. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या लहान मुलीसह वेगळ्या झाल्या. नवऱ्यापासून दूर राहणारी, पदरी मूल असलेली बाई! आजही अशा बाईकडे आपण कसे पाहतो, हे चाळीत राहणाऱ्यास सांगायला नको. ताराबाई डगमगल्या नाहीत. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले.

याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका हे वकिली सोडून आलेले गृहस्थ लहान मुलांच्या शिक्षणाचे नवे प्रयोग करीत होते. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले होते. मुलांवर त्यांची माया एवढी, की लोक त्यांना मिशावाली आई म्हणत. ते काम ताराबाईंच्या मनात भरले. १९२३ साली हातची मोठ्या मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या.

येथे मला थांबून विचार करावासा वाटला. एकीकडे घर सोडलेली तिशीतील स्त्री, दुसरीकडे प्रपंच असलेला पुरुष, आणि बरोबर काम करायचे ते वर्षानुवर्षे. गुजरातेत प्रत्येक बाई बेन आणि प्रत्येक पुरुष भाई. त्यामुळे त्या ताराबेन झाल्या, ते गिजुभाई होतेच. पण नुसत्या भाऊबहिणीच्या नात्याने विश्वास निर्माण होत असता, तर बेटा म्हणणाऱ्या सुपरवायझरला मी का भ्याले असते? नाते तोंडाने लावता येते. विश्वास मात्र रोजच्या वागण्यातून यावा लागतो.

त्या दोघांच्या कामाकडे पाहिले, की हा विश्वास कशावर उभा होता ते दिसते. पहिली गोष्ट अशी, की दोघांमध्ये काम होते, आणि ते उघड्यावर चाललेले होते. बालमंदिर म्हणजे दिवसभर मुलांनी भरलेली जागा. शिवाय बालशिक्षकांना तयार करण्याचे कामही तेथे चाले. दुसरी गोष्ट श्रेयाची. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यात दोघांचाही वाटा होता. गुजराती शिक्षणपत्रिका दोघांनी मिळून चालवली. कितीतरी पुस्तकांवर दोघांची नावे शेजारी शेजारी छापली गेली. बाईने राबावे आणि नाव पुरुषाचे व्हावे, असा प्रकार तेथे नव्हता. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ताराबाई कोणाच्या सावलीत राहिल्या नाहीत. काही वर्षांनी त्या मुंबईला आल्या, पत्रिकेची मराठी आवृत्ती त्यांनी सांभाळली, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. ज्या सहकार्यातून मोकळेपणाने दूर होता येते आणि दूर होऊनही काम तुटत नाही, तेच खरे सहकार्य नव्हे काय? २३ जून १९३९ रोजी गिजुभाई वारले. त्यानंतरही संघाचे काम ताराबाईंनी पुढे नेले.

१९४५ साली त्यांनी आपल्या या किनाऱ्यावर बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. बालविधवा असलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरील अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबादचे काम १९९२ साली आपला अंत होईपर्यंत चालविले.

ताराबाईंच्या हाताशी कायद्याचे पाठबळ नव्हते. आपल्याला ते आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणासाठी नियम घालून दिले, आणि २०१३ साली कायदा झाला. जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तिची अध्यक्ष स्त्रीच हवी. दहापेक्षा कमी माणसे असली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. आमच्या गाळ्यात आम्ही आठजण होतो. मला यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि माझ्या आईलाही नव्हते. माझ्या वर्गभगिनींपैकी पुष्कळ जणी सुट्टीत कामाला जातात. त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे, अशी विनंती आहे. वर्गबंधूंनाही एक सांगावेसे वाटते. तुम्हीही उद्या कोठेतरी सुपरवायझर व्हाल. तेव्हा मागच्या खोलीऐवजी मोकळे टेबल निवडा. मुलगी नाही म्हणाली, तर तिचा पगार बुडू देऊ नका.

वडिलांना द्यायचे उत्तर आता माझ्याजवळ आहे. स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करण्यात धोका नाही. काम झाकून होते, श्रेय एकाचेच असते आणि नाही म्हणायची सोय नसते, तेथे धोका आहे. हा लेख मी प्रथम आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला स्थानिक समितीचे ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. येत्या सुट्टीत मी पुन्हा कामाला जाणार आहे. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही, पण नकोही म्हटलेले नाही.